हुमणीचं नाव काय? आणि ते सांगणारं कोण उरलंय?

जरा मोठी पोस्ट आहे. ऊसवाल्यांनी आणि भुईमूगवाल्यांनी शेवटपर्यंत वाचावी. कृषी खात्यातल्या, कारखान्यातल्या मित्रांनी तर नक्की वाचावी. पटलं नाही तर खाली भांडायला मोकळे.

वळवाचे एक-दोन दणके बसले की दरवर्षी हुमणीची मोहीम सुरू होते. ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लागतो, मोबाईलवर मेसेज येतात. प्रकाश सापळे लावा. संध्याकाळी कडुलिंब-बाभळीच्या फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करा, रॉकेलच्या पाण्यात टाका. काही कारखान्यांनी तर भुंगेरे किलोवर विकत घेऊन बघितले. हे सगळं चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. कोणती हुमणी?

कारण हुमणी ही एक कीड नाहीच. ते अळीचं नाव आहे. पांढरट अंग, तपकिरी डोकं, सहा पाय, हातात घेतली की इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळते ती हुमणी. या चेहऱ्याच्या अळ्या एका भुंगेऱ्याच्या नसतात, एका अख्ख्या खानदानाच्या असतात. शास्त्रज्ञ त्याला स्कॅरॅबिडी कुळ म्हणतात. जगात या कुळात तीस हजारांच्या वर जाती आहेत. शेणाचे गोळे ढकलत नेणारे शेणकिडे यातलेच, नारळावरचा गेंड्या भुंगा यातलाच, फुलांवर बसणारे चकचकीत हिरवे भुंगेही यातलेच. यातल्या बहुतेकांचा आपल्या पिकाला काडीचाही त्रास नाही. उलट शेणकिडे फुकटात खत जमिनीत गाडून देतात.

एक गंमत सांगतो, करून बघा. शेणखताच्या ढिगात हुमणीसारखी जाडजूड अळी सापडली की माणूस घाबरतो आणि लगेच औषधाचा डबा काढतो. ती अळी सपाट जमिनीवर ठेवा. ती पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरपटत निघाली, तर ती फुलांवरच्या भुंग्याची अळी. ती कुजकं खाते, उसाची मुळं नाही. एवढी एक खूण माहीत असली तरी एक फवारणी वाचते. ओळख पटली की पैसे वाचतात, ते असे.

आता आपल्या खऱ्या दुश्मनाकडे येऊ. आपल्या कृषी विद्यापीठांच्या आणि खात्याच्या माहितीपत्रकांत महाराष्ट्रातल्या उसासाठी दोन मुख्य हुमण्या सांगितलेल्या असतात. एक नदीकाठची, एक माळावरची. नदीकाठची म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. माळावरची म्हणजे होलोट्रिकिया सेराटा. त्यांच्या मागून फायलोग्नॅथस आणि ॲडोरेटस अशी आणखी दोन नावं येतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हा फरक शास्त्रज्ञांइतकाच ठाऊक आहे. त्यांना लॅटिन येत नाही, पण मळीच्या रानातली आणि माळरानातली हुमणी सारखी वागत नाही हे ते सांगतात. नदीकाठची आणि माळावरची ही नावं काही कुणी परिषद भरवून ठरवलेली नाहीत. ती रानातूनच आली.

मग शास्त्राचं काय? तिथंच खरी गोष्ट सुरू होते.

माळावरच्या हुमणीला सेराटा हे नाव दिलं फाब्रिसियस नावाच्या डॅनिश माणसानं, १७८१ साली. म्हणजे सवाई माधवराव गादीवर असताना आपल्या रानातल्या भुंगेऱ्याचं युरोपात बारसं झालेलं होतं. होलोट्रिकिया ही प्रजाती होप नावाच्या इंग्रजानं १८३७ साली मांडली. नदीकाठचीला नाव दिलं पॅरिसच्या संग्रहालयात काम करणाऱ्या ब्लँशार्डनं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. नावं मिळाली. पण नाव मिळणं वेगळं आणि घराण्यात जागा ठरणं वेगळं.

इंग्रजांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' म्हणून एक मोठी ग्रंथमाला काढली होती. हिंदुस्थानातल्या प्राण्यांची नोंदवहीच म्हणा. त्यातले भुंगेऱ्यांचे खंड लंडनच्या संग्रहालयातल्या गिल्बर्ट ॲरो यांनी लिहिले. पहिला खंड १९१० चा, त्यात फुलांवरचे भुंगे आणि गेंडे भुंगे. दुसरा १९१७ चा, त्यात चकचकीत पानखाऊ भुंगेऱ्यांचं उपकुळ. तिसरा १९३१ चा, त्यात शेणकिडे. वर दिलेल्या चार हुमण्यांपैकी फायलोग्नॅथस पहिल्या खंडात बसतो आणि ॲडोरेटस दुसऱ्या. म्हणजे जे आपल्याकडे किरकोळीत धरले जातात ते दोघं ग्रंथात आले.

आणि होलोट्रिकिया, ल्युकोफोलिस? ही दोन्ही मेलोलोंथिनी नावाच्या उपकुळातली. या उपकुळाचा खंड या मालेत निघालाच नाही. देशातल्या शेतीचं सगळ्यात जास्त खाणारं जे घराणं, नेमकं तेच वहीत चढायचं राहून गेलं.

इंग्रजांना दोष देऊन उपयोग नाही. ते १९४७ ला गेले. त्यानंतरची जबाबदारी आपली. काहीच झालं नाही असंही म्हणणार नाही. आपल्याच देशातल्या अभ्यासकांनी गेल्या पन्नासेक वर्षांत होलोट्रिकियाच्या नव्या जाती शोधल्या, ओळखायच्या सूच्या केल्या, बंगळुरूसारख्या ठिकाणी अजून हे काम चालू आहे. पण ते काम विखुरलेलं आहे. कुठे एका राज्याचं, कुठे एका जिल्ह्याचं, कुठे जुन्या अंकात पडलेलं. सगळ्या देशाची मेलोलोंथिनी एका जागी, चित्रांसकट, आजच्या माहितीसह मांडलेली आहे, असा ग्रंथ हातात देता येत नाही.

त्यात होलोट्रिकियाचं घर मुळातच डळमळीत आहे. जुन्या शेतकी कागदपत्रांत हीच मंडळी लॅक्नोस्टर्ना या नावाखाली सापडतात. अमेरिकेत फायलोफागा नावाची मोठी प्रजाती आहे, तिच्याशी यांचं नातं काय, यावर शंभर वर्षं वाद झाले. कुणी एकत्र घातले, कुणी वेगळे केले. पुढे लक्षात आलं की होलोट्रिकिया म्हणजे एक कुटुंब नसून धर्मशाळा झालेली आहे. दिसायला साधारण सारखे, तपकिरी, ओळखायला अवघड, असे आशियातले शेकडो भुंगेरे 'टाका तिकडे' म्हणून तिच्यात टाकले गेले. जपानी अभ्यासकांनी अलीकडे पूर्व आशियातल्या कित्येक जाती बाहेर काढून वेगळ्या प्रजातींत नेल्या. चीन-जपानमधली प्रसिद्ध कीड होलोट्रिकिया पॅरालेला, ती आता पेडिनोट्रिकिया म्हणून लिहिली जाते. आणि डीएनएच्या अभ्यासानं तर त्याच्याही वरचा मजला हलवला. मेलोलोंथिनी हे उपकुळ म्हणजे एकाच पूर्वजाची सगळी लेकरं नाहीत, असं निघालं. काही जण त्याला उपकुळ म्हणतात, काही जण सरळ वेगळं कुळ म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, याचं आम्हाला काय? प्रजाती इकडे जाईल नाहीतर तिकडे, माझा ऊस वाळायचा तो वाळतोच. नाव बदललं म्हणून अळी मुळं खायची थांबते का?

नाही थांबत. पण तुम्ही तिच्यावर जे करणार ते चालेल की नाही, हे तिच्या नावावर ठरतं. कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट झाडांची. माळावरच्या हुमणीचा भुंगेरा वळवाच्या पावसानंतर दिवस मावळला की जमिनीतून निघतो, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतो, पाला खातो, तिथंच मिलन होतं. म्हणून फांद्या हलवायची मोहीम तिच्यावर लागू पडते. नदीकाठचीचं वागणं तसं नाही. ल्युकोफोलिसचे भुंगेरे पावसाळा लागल्यावर संध्याकाळी थोडा वेळ उडतात आणि पुन्हा जमिनीत जातात. पाल्यावर तुटून पडणारे म्हणून ते ओळखले जात नाहीत. मग मळीच्या रानात रात्री नऊला बाभूळ हलवून काय मिळणार? दोन्हीकडे एकच पत्रक वाटलं की एका गावात मोहीम यशस्वी आणि शेजारच्या गावात 'आमच्याकडं काय सापडलंच नाही बुवा'. मग शेतकरी आळशी ठरतो.

दुसरी गोष्ट वासाची. भुंगेऱ्याच्या मादीच्या अंगातून वास सुटतो आणि नर त्यावर येतात. उत्तर हिंदुस्थानातल्या होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया या जातीत तो वास ॲनिसोल नावाच्या साध्या, स्वस्त रसायनाचा आहे हे नव्वदच्या दशकात कळलं. पुढे दक्षिणेतल्या होलोट्रिकिया रेनॉडी या जातीतही तेच रसायन निघालं. छान. पण म्हणून ते प्रत्येक हुमणीला चालेल असं गृहीत धरून डब्या वाटल्या तर पैसा वाऱ्यावर. वास हा जातीजातीचा असतो. कोण कुणाचं जवळचं नातलग आहे हे कळलं तर कुणाला कोणता वास लागू पडेल याचा निदान अंदाज बांधता येतो. ज्याला आपण वर्गीकरणाचा वाद म्हणून हसतो, त्याचा उपयोग हा असा रानात होतो.

तिसरी गोष्ट वेळेची. हुमणीची अळी दोनदा कात टाकते. तिसऱ्या अवस्थेतली, म्हणजे साधारण ऑगस्टपासून पुढची, सगळ्यात खादाड आणि सगळ्यात चिवट. औषध असो की बुरशी, त्याआधी, अळी लहान असताना लागली तरच उपयोग. पण भुंगेरा कधी निघतो, अंडी कधी घालतो, हे जातीप्रमाणे मागेपुढे होतं. जात चुकली की वेळ चुकते आणि वेळ चुकली की खर्च मातीत जातो, खरोखरीच्या मातीत.

आणि आता हे सगळं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय. पूर्वी फोरेट होतं. थिमेट म्हणा. दाणे टाकले की जमिनीतलं चांगलं-वाईट सगळं मरायचं, नाव विचारायची गरज नव्हती. केंद्रानं २०१८ च्या आदेशानं ते २०२० च्या अखेरपासून बंद केलं. बरोबरच केलं, ते भयंकर विषारी होतं, माणसांना आणि जनावरांनाही. पण आंधळा सोटा काढून घेतल्यावर हातात नेमकं हत्यार द्यायला लागतं. मेटारायझियम बुरशी, हुमणी मारणारे सूत्रकृमी, वासाचे सापळे, ही सगळी नेमकी हत्यारं आहेत. ती नेमक्या शत्रूवरच चालतात. शत्रूचं नावच माहीत नसेल तर हत्याराला दोष कसा देणार?

अमेरिकेत काय चालतं बघा. तिथं घराभोवतीच्या हिरवळीत अळी सापडली की साधा माणूस भिंग घेतो आणि अळीच्या मागच्या टोकाला, खालच्या अंगाला असलेल्या बारीक काट्यांची नक्षी बघतो. जपानी भुंगेऱ्याच्या अळीला तिथं 'व्ही' आकार असतो. फायलोफागाच्या अळीला दोन समांतर रांगा, पँटच्या चेनसारख्या. तिथल्या विद्यापीठांनी या नक्षीची चित्रं पत्रकांवर छापून वाटलेली आहेत. आपल्या अळ्यांनाही अशी नक्षी असते. मग आपल्या ऊस उत्पादकाच्या हातात ती चित्रं का नाहीत? त्यात रॉकेट सोडायचं नाहीये.

कारण ही चित्रं काढायला आधी अळी कुणाची हे नक्की माहीत पाहिजे. आणि जातींची वर्णनं झाली आहेत ती मुख्यतः भुंगेऱ्यांवरून, अळीवरून नाही. या तपकिरी भुंगेऱ्यांमध्ये तर बाहेरून बघून भागत नाही, नराची जननेंद्रियं काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. अळी ओळखायची तर ती पाळायची, कोष होऊ द्यायचा, भुंगेरा निघेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं, मग त्याची ओळख पटवायची. डीएनएनं हे काम लवकर होऊ शकतं, पण डीएनए म्हणजे आधार कार्डाचा नंबर. आधी कुणीतरी खऱ्या भुंगेऱ्याचं खरं नाव त्या नंबरापुढे लिहिलेलं असावं लागतं. ते लिहिणारा माणूस म्हणजे वर्गीकरणतज्ज्ञ.

आणि हा माणूस आता दुर्मिळ होत चाललाय. भुंगेऱ्यांपेक्षा जास्त दुर्मिळ.

का, ते सांगतो. आपल्याकडे विद्यापीठातली नोकरी, बढती, प्रकल्प, सगळं संशोधन कोणत्या नियतकालिकात छापलं आणि त्याचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' किती यावर अडलेलं. एका भुंगेऱ्याच्या प्रजातीवर पाच वर्षं घालवून लिहिलेला निबंध जगात मोजकी माणसं वाचणार. त्याचा फॅक्टर कसा वाढणार? प्राण्यांच्या नव्या जाती जिथं सगळ्यात जास्त छापल्या जातात त्या झूटॅक्सा या नियतकालिकालाच २०२० साली त्या मोजदादीच्या यादीतून काढून टाकलं होतं. जगभरच्या तज्ज्ञांनी आरडाओरडा केला तेव्हा परत घेतलं. जिथं मासिकाचीच ही गत, तिथं राहुरी, अकोला, परभणी, दापोलीतल्या एखाद्या हुशार पोरानं 'मी भुंगेऱ्यांचं वर्गीकरण करणार' म्हटलं तर त्याचे मार्गदर्शकच त्याला समजावणार, की बाळा, पोटापाण्याचं बघ.

यावर दोन आक्षेप येतात, तेही प्रामाणिकपणे बघू.

एक म्हणजे, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आज होलोट्रिकिया, उद्या आणखी काही, मग शेतकऱ्यानं कुणाचं ऐकायचं? बरोबर आहे, नावं बदलतात तेव्हा वैताग येतो. पण नाव बदलतं ते कुणाच्या लहरीवर नाही. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, जुनं नाव कोणतं, मूळ नमुना कोणता, हे तपासूनच बदल होतो. आणि सेराटा हा शब्द १७८१ पासून टिकून आहे, बदलतंय ते त्याच्या पुढचं आडनाव. गावात जमिनीचा सातबारा दुरुस्त झाला म्हणून आपण सातबारा फेकून देत नाही, दुरुस्ती करून घेतो. हे तसंच.

दुसरा आक्षेप पैशाचा. शेतकरी अडचणीत असताना भुंगेऱ्यांच्या नावावर कशाला खर्च? माझं म्हणणं उलट आहे. प्रत्येक हंगामात औषधांवर, सापळ्यांवर, मोहिमांवर जो खर्च होतो तो निम्माशिम्मा अंदाजानं होतो. ओळख पटवायचा खर्च त्याच्यापुढे चहापाण्याइतका आहे. डॉक्टर ताप बघून थेट सलाईन लावत असेल तर आपण म्हणतो, आधी रक्त तपासा. रानाच्या बाबतीत तेच म्हटलं की ते पुस्तकी होतं?

मग करायचं काय? मागण्या चारच आहेत आणि एकही अवाच्या सवा नाही.

एक. मोहिमेत गोळा होणारे सगळे भुंगेरे रॉकेलात घालू नका. प्रत्येक गावातून वीस-पंचवीस भुंगेरे स्पिरिटच्या बाटलीत ठेवा. बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका. गाव, तारीख, वेळ, कोणत्या झाडावर की दिव्यावर, रान माळाचं की मळीचं. शाई स्पिरिटमध्ये पुसते, पेन्सिल राहते. कारखान्याचा शेती विभाग हे एका हंगामात करू शकतो. चिठ्ठी नसलेला भुंगेरा कचरा आहे, चिठ्ठी असलेला भुंगेरा पुरावा.

दोन. चार कृषी विद्यापीठांपैकी निदान एका ठिकाणी भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाची कायम जागा निर्माण करा. कंत्राटी नको. हे काम वीस वर्षांचं आहे, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होत नाही. त्या माणसाची बढती फॅक्टरवर नको, किती नमुने ओळखून दिले यावर ठरवा.

तीन. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, मांजरीत वसंतदादा साखर संस्था आहे, विद्यापीठं आहेत. या सगळ्यांनी मिळून महाराष्ट्रातल्या हुमण्यांचं एक मराठी चित्रपुस्तक काढावं. भुंगेरा, अळी, अळीच्या मागची नक्षी, निघायची वेळ, खायचं झाड. भिंगानं बघता येईल असं. ऊस अधिकाऱ्याच्या खिशात मावेल असं.

चार. तो राहिलेला खंड. मेलोलोंथिनीचा. ते काम एका राज्याचं नाही, देशाचं आहे आणि ते दिल्लीनं अंगावर घ्यायला पाहिजे. सगळ्यात जास्त ऊस पिकवणाऱ्या राज्यांतल्या आपल्या खासदारांना निदान हे तरी ठाऊक आहे का, की असा एक खंड राहिलाय? त्यांना टॅग करा, विचारा.

आपल्याकडे एखाद्या संस्थेची आतून वाट लागली की 'हुमणी लागली' म्हणतात. वरून हिरवं दिसतं, ओढलं की अख्खं ठोंब हातात येतं, खाली मूळच नसतं. आपल्या शेतीशास्त्रात वरती ॲप आहेत, ड्रोन आहेत, परिसंवाद आहेत. खाली जी मुळं असतात, कोण प्राणी कोण आहे हे शांतपणे बघणारी माणसं, ती कुणीतरी खात सुटलंय.

यंदा भुंगेरे निघाले की बाटली आणि पेन्सिल तयार ठेवा. कुणाकडे जुने, तारीख-गाव लिहिलेले नमुने असतील, शाळेच्या प्रयोगशाळेत, कारखान्याच्या कपाटात, तर टाकू नका, खाली लिहा. आणि तुमच्या रानात नदीकाठची आहे की माळावरची, तेही लिहा. गावागणिक यादी करायला तिथूनच सुरुवात करू.